लॅपटॉप गेला कुठे?

२७ जानेवारी २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा बराच वेळ तो स्टेजवर उभा नव्हताच, काळ्या लेदरच्या एका आरामखुर्चीत पायावर पाय टाकून निवांत बसला होता. मांडीवर आयपॅड, एका हाताने धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर फिरतंय आणि मागच्या मोठ्या पडद्यावर न्यूयॉर्क टाइम्सची साइट वरखाली सरकतेय. मला त्या सगळ्या कार्यक्रमात ती खुर्चीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेबल नव्हतं. फोन आणि लॅपटॉपच्या मध्ये तिसरं काही यायचं असेल तर ते काही ठराविक कामांत दोघांपेक्षा सरस पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं, आणि ती कामं कुठली तेही त्याने सांगून टाकलं: वेब बघणं, ईमेल, फोटो, व्हिडिओ, गाणी, गेम, ईबुक. ही यादी नीट बघा. त्यात फॉर्म भरणं नाही. सही स्कॅन करून अपलोड करणं नाही, फोटो ५० केबीच्या आत बसवणं नाही, कुणाच्या तरी एक्सेलमध्ये तिसऱ्या शीटवर आपला आकडा टाकून फाईल परत पाठवणं नाही. आपल्याकडे माणूस 'जरा कॉम्प्युटरचं काम होतं' असं म्हणत दारात येतो तेव्हा त्याचं जे काम असतं, ते त्या यादीत कुठेच नाही.

तेव्हापासून प्रश्न मात्र तोच चालू आहे, टॅब लॅपटॉपची जागा घेईल का. युट्यूबवर दर नव्या आयपॅडबरोबर कुणीतरी आठवडाभर फक्त टॅबवर राहून बघतं, कॅफेत बसतं, कॉफीचा शॉट घेतं आणि शेवटी 'तुमच्या वापरावर अवलंबून आहे' असं सांगून मोकळं होतं. मला त्या व्हिडिओंचा कंटाळा आलाय, कारण त्यातल्या सगळ्यांचं रोजचं काम म्हणजे व्हिडिओ बनवणं असतं. माझं काम भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं, घर पुण्यात, आईबाबा सांगलीत, दादाचं पलूसला कृषी सेवा केंद्र, भाची आत्ता बारावीत. एवढ्या माणसांचं रोजचं कॉम्प्युटरवाचून अडणारं आणि न अडणारं काय काय असतं ते मी बघत असते, आणि त्यावरून माझं मत असं झालंय की आमच्यासारख्या घरांतून टॅबने आणि फोनने लॅपटॉपला हुसकावून झालंय सुद्धा. फक्त तो नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसलाय.

आधी टॅबची बाजू सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्याला ती लॅपटॉपवाल्यांना वाटते त्यापेक्षा बरीच जड आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. मराठी बटणांचा इनस्क्रिप्ट नावाचा आराखडा सरकारने १९८६ साली आणला, शास्त्रशुद्ध आहे, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बोटात बसला की झकास चालतो. पण तो बोटात बसेपर्यंत कीबोर्डकडे बघून काही उपयोग नाही, कारण तिथे लिहिलेलं असतं जे आणि उमटतो र. (योगायोगाने के दाबल्यावर क येतो तेवढा जुळतो, बाकी सगळी बोंब.) त्यामुळे बहुतेक लोक लॅपटॉपवर मराठी लिहितात ते इंग्रजीतून, माझे लिहायला एम ए जे एच ई दाबून, आणि मग 'ळ' आणि 'ण' आले की कॅपिटल का स्मॉल ते आठवत बसतात.

काचेवर हा घोळच नाही, कारण बटणंच छापलेली नसतात, ती पडद्यावर काढलेली असतात आणि पाहिजे तेव्हा बदलतात. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, आयडीसीत, तयार झालेला स्वरचक्र नावाचा कीबोर्ड २०१३ च्या सुमाराला आला तेव्हा मी पहिल्यांदा बघितला आणि खूप वेळ नुसती खेळत बसले होते. 'क' वर बोट ठेवलं की बोटाभोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं आणि सोडायचं. म्हणजे शाळेत बाराखडी म्हटलेल्या माणसाला नव्याने शिकायला काहीच नाही! हे लॅपटॉपच्या प्लॅस्टिकच्या बटणांवर होऊच शकलं नसतं. टचस्क्रीन आपल्या लिपीला मानवतो, हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात लिपिक-टंकलेखक होते. ऑफिसात गोदरेजचं मराठी मशीन, रेमिंग्टनची मांडणी, दहाही बोटं, कागदाकडे बघत, मान वर न करता. गोदरेजने १९५५ पासून टाइपरायटर बनवले आणि २००९ मध्ये बनवणं बंद केलं, बाबा त्याच्या आधीच रिटायर झाले होते. त्यांना मी टॅबवर मराठी कीबोर्ड लावून दिला तर ते वैतागले, 'हे काय, बोटं ठेवायला जागाच नाही, खाली काही लागतच नाही हाताला.' बरोबरच होतं त्यांचं. न बघता टाइप करणाऱ्याचं सगळं कौशल्य बोटांच्या टोकांना बटणाची कड लागण्यात असतं आणि काचेला कड नसते. वयामुळे बोटं कोरडी पडलीत, ती कधीकधी काचेला कळतही नाहीत, कारण हल्लीचा टचस्क्रीन दाब मोजत नाही, बोटामुळे विजेच्या भारात होणारा फरक मोजतो, मग ते पुन्हा जोरात दाबतात आणि जोराचा तर काहीच उपयोग नाही. शेवटी मी माइकचं बटण दाखवलं. गुगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आणली होती, ती बाबांच्या हातात यायला मधे काही वर्षं गेली. बाबांनी घसा साफ केला आणि सोसायटीच्या चेअरमनना पाण्याच्या टाकीबद्दल एक कडक अर्ज सांगून लिहून घेतला. मध्ये 'स्वल्पविराम' म्हणाले तर तोही अक्षरात उमटला, त्यावर स्वतःच हसले, आणि म्हणाले, "आयुष्यभर साहेब बोलायचे आणि मी बडवायचो. आता मी बोलतो आणि हा बडवतो."

वाचायच्या बाबतीत तर विचारूच नका. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिची ज्ञानेश्वरी टॅबवरच असते, दोन बोटांनी ओवी ताणून मोठी करायची आणि उशीला टेकून वाचायची. लॅपटॉप उशीवर नेऊन कोण वाचतं? स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, सरकारचे जीआर, मला तपासायला आलेली पानं, ए-फोर आकाराचं जे जे काही आहे ते अकरा इंचाच्या टॅबवर उभं धरून वाचण्याइतकं सुख लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर नाही, तिथे अर्धं पान दिसतं आणि उरलेलं स्क्रोल.

मग मध्यंतरी माझ्या लॅपटॉपचं हिंज तुटलं. पार्ट यायला वेळ लागणार होता आणि कामं तर थांबणार नव्हती, म्हणून टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून बसले. भाषांतराचा पहिला खर्डा अगदी मजेत झाला, उलट जास्तच चांगला, कारण दुसऱ्या खिडक्या उघड्या नसल्यामुळे भटकायला जागा नव्हती. अडलं ते मुद्रितशोधनाला. डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे वर्ड, केलेला प्रत्येक बदल दाखवणारे ट्रॅक चेंजेस चालू, आणि वाक्याच्या मधल्या एका शब्दातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची. माउसचा बाण टोकाला सुईसारखा असतो. बोटाचं टोक सेंटिमीटरभर रुंद, आणि जिथे बघायचं नेमकी तीच जागा बोटाखाली झाकली जाते. धरून ठेवा, भिंग येतं, सरकवा, कर्सर जोडाक्षराच्या अलीकडे उतरतो, पलीकडे उतरतो, पाहिजे तिथे उतरत नाही. शेवटी पूर्ण शब्द पुसून नवीन टाइप करणं सोपं पडायला लागलं. एका शब्दाला ठीक आहे, दीडशे पानांच्या पुस्तकात अशा वेलांट्या किती असतात ते मुद्रितशोधकाला विचारा.

यावर उपाय आहे, टॅबलाच ट्रॅकपॅड लावायचा. २०२० मध्ये ॲपलने आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅडची नीट सोय दिली आणि मॅजिक कीबोर्ड काढला. पण गंमत बघा, १२.९ इंची आयपॅड प्रोचं वजन साधारण ६४० ग्रॅम आणि त्या कीबोर्डचंच सातशेच्या आसपास, दोन्ही मिळून त्याच वर्षीच्या मॅकबुक एअरपेक्षा जड. आणि पैसेही जास्त. म्हणजे लॅपटॉपपासून सुटका म्हणून टॅब घ्या, मग त्याला कीबोर्ड घ्या, ट्रॅकपॅड घ्या, उभा राहावा म्हणून स्टँड घ्या, आणि शेवटी जो तयार होतो तो लॅपटॉपच, फक्त मांडीवर ठेवला की मागे कलंडणारा.

कंपन्यांना हे कळत नसेल असं नाही. त्या एकमेकींच्या दिशेने चालतच आल्यात. जॉब्सने २००७ ला आयफोन दाखवताना स्टायलसची टिंगल केली होती, आठ वर्षांनी आयपॅड प्रोबरोबर पेन्सिल आली. २०१० च्या ऑक्टोबरात तो म्हणाला होता की उभ्या पडद्याला सारखं बोट लावून हात भरून येतो, म्हणून लॅपटॉपला टच नको, आणि आज त्याच कंपनीचा आयपॅड कीबोर्डवर उभा राहतो आणि त्याला आपण बोट लावतो. फाईल्सचं ॲप २०१७ ला आलं, पेनड्राइव्ह २०१९ ला चालायला लागला, आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तर खिडक्या पाहिजे तशा लहानमोठ्या करता येतात, वर मेन्यू बार सुद्धा आला. पलीकडून मायक्रोसॉफ्ट. बिल गेट्सने २००१ मध्येच भाकीत केलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी टॅबलेटच असेल, तसं काही झालं नाही. मग २०१२ ला विंडोज ८ आणून त्यांनी सगळ्या जगाच्या लॅपटॉपवर बोटाने दाबायच्या रंगीत टाइल्स पसरल्या, स्टार्ट बटणच काढून टाकलं, ऑफिसांतून ओरड झाली, पुढच्या वर्षी बटण परत आलं, आणि न खपलेल्या सरफेस आरटी या टॅबपायी ९० कोटी डॉलरचा फटका त्यांना हिशेबात दाखवावा लागला. इतका पैसा आणि इतकी हुशार माणसं लावून सुद्धा हे भांडण मिटत नाही, म्हणजे अडचण यंत्रात नसावी असं मला वाटायला लागलं.

ती कुठे आहे ते मला कळलं सांगलीच्या महा ई-सेवा केंद्रात. जून महिना, बाहेर चपलांचा ढीग, आत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल यांच्यासाठी गर्दी. केंद्र चालवणाऱ्या भाऊंकडे दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. माझ्या पुढे एक काका होते, त्यांच्या हातात चांगला महागातला टॅब, कव्हरसकट. त्यांनी टॅबवरून सगळी कागदपत्रं भाऊंच्या नंबरवर व्हॉट्सॲप केली. भाऊंनी ती कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबमध्ये उघडली, उतरवून घेतली, पेंटमध्ये फोटो कापला, केबी कमी केले, एका फोल्डरमध्ये काकांच्या नावाने टाकले, साइटवर चढवले, पावती छापली आणि म्हणाले, "झालं बघा काका, मेसेज येईल." दहा-बारा मिनिटांचं काम. आणि ते चालू असताना काका टॅबवर मॅच बघत होते.

मी उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, अरे, इथे आहे की लॅपटॉप! काकांच्या घरात तो नाही आणि काकांना तो नकोच आहे, कारण त्यांच्या आयुष्यातलं जे काम टॅबवर होत नाही ते वर्षातून थोड्या वेळा येतं आणि आलं की भाऊ आहेत. अख्ख्या गल्लीचा मिळून एक कॉम्प्युटर, तो भाऊंच्या टेबलावर. बँकेच्या परीक्षांचे आयबीपीएसचे फॉर्म बघा, फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. हे फोनवर होत नाही असं नाही, जाहिरातींनी भरलेली ॲप्स आहेत, चिकाटीची पोरं करतात सुद्धा. पण एकदा सही २१ केबीची झाली आणि साइटने लाल अक्षरात नाही म्हटलं, की अर्धे लोक गाडी काढून केंद्रावर येतात.

जॉब्सनेच २०१० च्या जूनमध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की पीसी हे ट्रकसारखे होतील, देश शेतीवर होता तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, शहरं वाढली तशा कार आल्या, ट्रक राहतील पण थोड्यांना लागतील. अमेरिकेत हे पटण्यासारखं आहे, तिथे कार घेणाऱ्याला ट्रक सहसा लागत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक घरांना तो अधूनमधून लागतोच, सिमेंट आणायला, घर बदलायला, ऊसाचं बेणं न्यायला, पण म्हणून कुणी विकत घेऊन दारात उभा करत नाही, कोपऱ्यावरचा छोटा हत्ती सांगतो. लॅपटॉपचं नेमकं तेच झालंय. भाड्याने.

एकदा हे डोक्यात बसलं की सगळीकडे दिसायला लागतं. सातबाराच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत फोनवर उतरवता येतो. शेतकऱ्याच्या बाजूने सगळं काचेवर. पण त्याच उताऱ्यावर फेरफार धरायचा असेल तर तलाठी लॅपटॉपच उघडतो, त्याला डिजिटल सहीचं डोंगल लावतो आणि मग सही करतो. एकाच कागदाची दोन टोकं, एका टोकाला बोट पुरतं आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीचं भोक लागतं. टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराचं तेच, कंपनीचा जीएसटी भरणाऱ्या सीएचं तेच. दादाचं दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून त्याला ओटीपीवर भागतं, प्रायव्हेट लिमिटेड असता तर डोंगल लागलं असतं.

शिक्षणाचं तर मला हसावं का रडावं कळत नाही. आपल्या सरकारांना टॅबचं भारी प्रेम. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' आणला, सरकारला साधारण २,२५० रुपयांना पडणारा, सात इंची, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह पडदा, म्हणजे बोट फिरवायचं नाही, रोवायचं. पुढे ते काम आयआयटी मुंबईकडे आलं, वर्षभराने आकाश २ आला, तो बराच बरा होता, पण तोपर्यंत दुकानात त्याच किमतीच्या आसपास चिनी टॅब मिळायला लागले होते. २०१५ ला मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून टॅब दिले. आता नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते, आणि ही योजना चांगलीच आहे, खेड्यातल्या पोरीला लेक्चर बघायला मिळतं हे काही कमी नाही. पण दोन वर्षं टॅबवर अभ्यास करून ती मुलगी जेईई मेन द्यायला जाते तेव्हा समोर काय असतं? कॉम्प्युटर आणि माउस. उत्तराचा आकडा सुद्धा पडद्यावरच्या कीपॅडवर माउसने टिचकी मारून भरायचा. बोट लावून काही होत नाही. आमची भाची मॉक टेस्टला गेली तर पहिल्यांदा पडद्यालाच बोट लावून मोकळी झाली, शेजारची मुलगी हसली म्हणून मग तिने पण हसून घेतलं. घरी आल्यावर मला फोन, "मावशी, तुझा माउस आहे का गं एक्स्ट्रा?"

आणि नोकरीच्या दारात परत तेच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर आजही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं सर्टिफिकेट लागतं. बाबांच्या वेळी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे, बटणं मात्र दोन्हीकडे. माझी भाची काचेवर दोन अंगठ्यांनी जो वेग काढते तो बघून मला चक्कर येते, पण त्या वेगाचं सर्टिफिकेट कुणी देत नाही.

या भाड्याच्या व्यवस्थेबद्दल माझी एक कुरकुर आहे, ती नोंदवून ठेवते. भाऊंच्या त्या फोल्डरमध्ये आख्ख्या विश्रामबाग भागाची आधार कार्डं, पॅन कार्डं, सह्या पडून असतील. ओटीपी आला की काका मोठ्याने वाचून दाखवतात. पासवर्ड भाऊंनीच ठेवलेला असतो आणि तो बहुतेक सगळ्यांचा एकच. भाऊ सज्जन आहेत म्हणून चाललंय. घरात लॅपटॉप असता तर निदान आपली सही आपल्याच डेस्कटॉपवर पडून राहिली असती. शिवाय ज्यांना टॅबवरच सगळं येतं त्यांना फाईल म्हणजे काय तेच कळेनासं होतंय, डाउनलोड केलं म्हणजे कुठे गेलं ते भाची सांगू शकत नाही, तिच्यासाठी फाईल म्हणजे ज्या ॲपमध्ये उघडली ते ॲप. हा तिचा दोष म्हणवत नाही. टॅब बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच लपवून ठेवायचा प्रयत्न केला, आणि मग पोर्टलवाल्यांनी नेमकं तेच मागितलं.

छोट्या छोट्या ठिकाणी तर मुद्दाम अडवल्यासारखं वाटतं. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल टॅबवर फुकट वापरता येतं, पण पडदा १०.१ इंचापेक्षा मोठा असला की एडिट करायला पैसे भरा, म्हणजे टॅब कामाच्या आकाराचा झाला रे झाला की भाडं सुरू. मॅक्रो, म्हणजे एक्सेलने आपोआप करायची म्हणून लिहून ठेवलेली कामं, तर आयपॅडच्या एक्सेलमध्ये चालतच नाहीत, आणि कुठल्याही सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब वर्षानुवर्षं कुणीतरी लिहून ठेवलेल्या मॅक्रोवर उभा असतो. आयपॅडवरची ॲप्स ज्या एक्सकोडमध्ये बनतात तो एक्सकोड आयपॅडवर चालत नाही. स्विफ्ट प्लेग्राउंड्समधून छोटं ॲप करता येतं, खरं आहे, पण पोटापाण्याचं काम करणारा मॅकच उघडतो.

त्यामुळे कुणी मला विचारलं की टॅब घेऊ का लॅपटॉप, तर मी आता रॅम आणि प्रोसेसर विचारत नाही. काम झाल्यावर ते कुणाला द्यायचंय, हे विचारते. वाचायचंय, बघायचंय, चित्र काढायचंय, स्वतःसाठी लिहायचंय, म्हणजे तुमच्यापाशी सुरू होऊन तुमच्यापाशीच संपतंय, तर टॅब घ्या, डोळे झाकून घ्या. दुसऱ्या टोकाला ऑफिस, कोर्ट, विद्यापीठ, बँक किंवा माझ्यासारखी खडूस मुद्रितशोधक बसलेली असेल आणि ती विशिष्ट फाईल विशिष्ट नावाने मागणार असेल, तर लॅपटॉप. किंवा भाऊंचा नंबर.

दादाच्या दुकानात हे दोन्ही एका छताखाली आहे. काउंटरवर टॅब आणि आतल्या खोलीत डेस्कटॉप. शेतकरी फोनवर द्राक्षाच्या पानाचा फोटो घेऊन येतात, दादा तो टॅबवर मागवून मोठा करतो, मग काउंटरच्या अलीकडून दादा आणि पलीकडून तिघं-चौघं डोकी खुपसून बघतात, कुणी बोटाने डाग ताणतो, कुणी म्हणतो करपा, कुणी म्हणतो छे, डाउनी आहे, टॅब या हातातून त्या हातात फिरतो. लॅपटॉपभोवती असं जमताच येत नाही, त्याचं तोंड एकाच माणसाकडे असतं. औषध ठरलं की दादा आत हाक मारतो आणि आत बसलेले दिवाणजी टॅलीत बिल करतात. त्यांचे हात बघण्यासारखे आहेत, एफ-एट दाबून सेल्स, नवीन गिऱ्हाईक असलं तर तिथल्या तिथे ऑल्ट-सी, कंट्रोल-ए मारून व्हाउचर सेव्ह, माउसला हात नाही, उजव्या हाताची बोटं नंबरपॅडवरून हलत नाहीत आणि तोंडाने शेजारच्या बागेचा दर काय निघाला त्याच्या गप्पा चालू. मागच्या दिवाळीला दादा म्हणाला, "दिवाणजी, तुम्हाला पण एक टॅब घेऊया का, काउंटरवर बसूनच बिल होईल." दिवाणजींनी टॅब हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "घ्या की मालक. पण ह्यात एफ-एट कुठं हाय?"